पाच वेळा चालवलं आणि काहीच झालं नाही

रत्नमाला गजभियेच्या पर्समध्ये बडीशेपेचा एक स्टीलचा डबा असतो. त्यात बडीशेप नसते, पेनड्राइव्ह असतात. एकदा मोहाडीच्या एसटीत तिने डबा उघडला, तेव्हा शेजारच्या म्हातारीने सवयीने हात पुढे केला. रत्नमालाने डबा दाखवला.

"हे काय वो बाई?"

"कम्प्युटरचं औषध."

म्हातारीला ते पटलं. तिने हात मागे घेतला आणि आपल्या गुडघ्यावर काही आहे का, एवढंच विचारलं.

तुमसरात तिला 'सर्वरवाल्या मॅडम' म्हणतात. सर्वर म्हणजे मिलच्या ऑफिसात कोपऱ्यात ठेवलेला, कधीच बंद न करायचा कम्प्युटर. काट्यावर धानाची गाडी आली की वजन त्याच्याकडे जातं, पावती तोच छापतो आणि गोदामात किती पोती आहेत हे तोच सांगतो. तुमसर-मोहाडी भागातल्या नऊ राइस मिल मालकांनी मिळून एक संघ केला आहे. या नऊही मिलचे सर्वर रत्नमालाच्या हाताखाली आहेत. प्रत्येकावर हळदकुंकू आहे, दोघांवर उदबत्तीची राख आहे आणि एकावर मांजर झोपतं, कारण तो गरम असतो.

तिचे वडील तेजराम मोहाडीच्या तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. प्रत्येक अर्जाचा नमुना त्यांच्या वहीत असायचा; नाव, गाव आणि गट नंबर बदलला की अर्ज तयार. रत्नमालाने अक्षर त्यांचं घेतलं आणि वहीची सवयही. नागपुरात शिकून तिने तिथल्याच एका कंपनीत आठ वर्षं काढली. ज्या सर्वरांची ती काळजी घ्यायची, ते कुठल्या देशात आहेत हेही तिला ठाऊक नसायचं. दरम्यान सुगतशी लग्न झालं. तो तुमसर डेपोत कंडक्टर. तीन वर्षं दोघं फक्त रविवारी एकमेकांचे नवराबायको होते. मग एका रविवारी संध्याकाळी ती नागपूरच्या गाडीत बसलीच नाही.

"नोकरी?" सुगतने विचारलं.

"इथंच करतो काहीतरी."

सुरुवातीला तिने शाळेचे प्रिंटर दुरुस्त केले. मग एक मिल मिळाली, मग दुसरी. आता ज्या यंत्राची काळजी घ्यायची, त्याला हात लावता येतो आणि हात लावला की कोणीतरी चहा आणून देतं, याचंच तिला इतकं सुख होतं की नागपूरची तिला आठवणही येत नसे.

यंदा दिवाळीआधी संघाने नवं सॉफ्टवेअर घेतलं. नऊ सर्वरांवर ते बसवायचं होतं. रत्नमालाने नेहमीसारखंच केलं. निळी वही घेतली, पहिल्या मिलमध्ये एकेक पायरी करत गेली आणि लिहीत गेली. मग तीच वही उघडून दुसऱ्या मिलमध्ये, मग तिसऱ्या. वहीत एकेचाळीस पायऱ्या होत्या. एकेचाळीस पायऱ्या नऊ वेळा हाताने करताना माणूस मध्ये चहा पितो, मध्ये घरून फोन येतो, मध्ये वीज जाते. नऊ सर्वर तयार झाले आणि नऊही वेगळे झाले. एकाने दुपारी बारा वाजता, ऐन गर्दीत, सगळ्या नोंदींची नक्कल काढायला घेतली आणि काटा अडवून ठेवला. दुसऱ्याला तांदूळ ठाऊक होता, पण त्याच्या तुसांचा कोंढा माहीतच नव्हता. मोहाडीच्या मिलमध्ये महिना आधी आणि तारीख नंतर अशी पावती निघाली, म्हणजे पाच नोव्हेंबरची गाडी अकरा मेची होऊन बसली.

"मे महिन्यात निघालो आन् आता पोचलो का जी?" ड्रायव्हरने विचारलं.

संघाचं काम भूपेंद्रशेठ पाहतात. स्वतःची मिल, मोठा आवाज आणि मनाने बरा माणूस. त्यांनी रत्नमालाला बोलावून घेतलं.

"मॅडम, नऊ पोरं एका घरची, आन् एकाचं तोंड दुसऱ्यावर नाई. शेजारी काय म्हणतील?"

"हातानं केलं ना भाऊ, म्हणून."

"नागपूरची एक कंपनी म्हणून राहिली, एक मशीन तयार करतो आन् बाकी आठांवर जसंच्या तसं छापतो. दोन दिवसांत खतम."

"छापता येते. पण तुमचे काटे एका जातीचे आहेत का? तुमचा वेगळा, मोहाडीचा वेगळा. तुमचं छापून तिकडं नेलं, तर मोहाडीचा सर्वर सोताले तुमसरचा समजन. आन् उद्या एक बारीक गोष्ट बदलायची म्हटली, की पुन्हा नऊ छापे."

"मंग तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी वहीच कम्प्युटरले शिकवतो. एकेचाळीस पायऱ्या तोच करन, नऊही जागी. जिथलं वेगळं आहे, तिथलं तेवढं वेगळं लिहून ठेवतो."

भूपेंद्रशेठने कॅलेंडर पाहिलं. धानाच्या गाड्यांची खरी गर्दी पुढच्या आठवड्यात सुरू होणार होती.

"पुढच्या सोमवारी नागपूरवाले येऊन राहिले. त्याच्या आधी नऊही सारखे करून दाखवा. वर्षाचं काम तुमचं. नाई झालं, तर मले वाईट वाटन, पण त्याइले देतो."

वर्षाचं काम गेलं की उरतात शाळेचे प्रिंटर. आणि प्रिंटरवर घर चालत नाही, म्हणजे पुन्हा नागपूर, पुन्हा रविवार. सुगतला तिने एवढंच सांगितलं, की सोमवारपर्यंत माझ्याशी कोणी बोलू नये.

"मी तिकीट फाडतो, बोलत नाई," सुगत म्हणाला.

तीन दिवसांत तिने वहीतल्या पायऱ्या कम्प्युटरच्या भाषेत उतरवल्या. घरातल्या टेबलावर बसून एक बटण दाबलं, की नऊही मिलमध्ये काम सुरू. काही चुकून राहिलं असेल तर भरून निघावं, म्हणून हे सगळं रोज सकाळी सातला आपोआप पुन्हा चालायचं. पण झालेली पायरी पुन्हा होऊ नये, यासाठी तिने एक युक्ती केली. प्रत्येक पायरी झाली, की सर्वरवरच्या एका फोल्डरमध्ये 'झालं' अशी एक छोटीशी खूण टाकायची. दुसऱ्या दिवशी खूण दिसली की ती पायरी सोडून पुढे जायचं.

बुधवारी दुपारी नऊही सारखे होते. तारीख तारखेच्या जागी, महिना महिन्याच्या जागी, कोंढा सगळ्यांना ठाऊक. रत्नमालाने बुधवारी रात्री पनीर केलं, जे तिला बिलकुल येत नाही, आणि सुगतने न बोलता खाल्लं.

शुक्रवारी सकाळी आठला मोहाडीहून डोमाजींचा फोन आला. डोमाजी तिथल्या मिलचे ऑपरेटर, पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात कंगवा आणि रुमाल घडी करून ठेवणारे.

"मॅडम, एक गाडी आली आन् पावत्या दोन निघाल्या."

"प्रिंटर अडकला असन."

"नाई जी. गोदामातबी माल दुप्पट दाखवून राहिला. शेठले सांगू का? खूश होतील."

"सांगू नका," रत्नमाला म्हणाली आणि पहिली एसटी पकडली.

कारण सापडायला अर्धा तासही लागला नाही. गुरुवार हा डोमाजींच्या उपासाचा दिवस. पोट रिकामं असलं, की त्यांना टेबल आणि कम्प्युटर दोन्ही रिकामे करायची हुक्की येते. काल संध्याकाळी त्यांना सर्वरवर एक फोल्डर दिसलं. आत एकेचाळीस फायली, सगळ्या रिकाम्या, सगळ्यांवर 'झालं' लिहिलेलं.

"झालं म्हणते, मंग ठेवायचं कायले? पुसून टाकलं," डोमाजी म्हणाले. त्यात अपराध कुठेच नव्हता. उलट थोडं कौतुक अपेक्षित होतं.

खुणा गेल्या. सकाळी सातला कम्प्युटरने पाहिलं, की इथे अजून काहीच झालेलं नाही. त्याने इमानदारीने सगळं पहिल्यापासून केलं. बहुतेक पायऱ्या दुसऱ्यांदा केल्या तरी फरक पडत नव्हता. पण पावती छापून वजन गोदामात मांडायची जी एक ओळ सर्वरच्या कामांच्या यादीत जोडायची होती, ती त्याने पुन्हा एकदा जोडली. ओळी दोन, पावत्या दोन.

रत्नमालाने जास्तीची ओळ काढली. गाडीची दुसरी नोंद पुसली, तेव्हा गोदामाचा आकडा जागेवर आला. पण तिला कळून चुकलं होतं, की हे आज मोहाडीत झालं, उद्या आणखी कुठे होईल. नऊ मिलमध्ये स्वच्छ स्वभावाचा माणूस एकटा डोमाजीच असेल, असं थोडंच आहे. फोल्डर लपवावं का, असं तिला वाटलं. पण लपवलेलं शोधून काढण्यात डोमाजींना जास्त आनंद झाला असता. परतीच्या गाडीत तिने बडीशेपेचा डबा तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला.

शनिवारी आंबागडला मंडई होती.

दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया लागतात. त्या दिवशी त्या गावच्या लेकी, जावई, साडू, मावसभाऊ आणि त्यांचे शेजारी असे सगळे येतात. रात्री नाटक असतं आणि दिवसभर जेवण. सुगतचं घर आंबागडचं. तिथे त्याची आई आनंदाबाई, भाऊ आणि भावजय प्रतिक्षा. सून मंडईला आली नाही, तर पुढची मंडई येईपर्यंत तोच विषय पुरतो.

"मी नाई येत. माझे सोमवारपर्यंतचे दिवस मोजलेले आहेत," रत्नमाला म्हणाली.

सुगतने फोन लावून सरळ तिच्या कानाला लावला.

"पाहुणे साठ आहेत," आनंदाबाई पलीकडून म्हणाल्या. "तुझं काम डब्यात राहते ना? डबा घेऊन ये."

लॅपटॉपला त्या डबाच म्हणतात.

अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. एकीवर भात, एकीवर वांगे-आलूची भाजी आणि एकीवर वरणाचा मोठा गंज. लाखोळीच्या डाळीचे वडे मागे तळले जात होते. आनंदाबाईंच्या घरी साठ माणसांचं जेवण असलं, की एक नियम असतो. चुलीजवळ तीन बाया असतात आणि तिघींनाही वाटतं, की मीठ बाकीच्या दोघी विसरल्या. म्हणून जिने मीठ टाकलं, तिने त्या गंजाच्या झाकणावर एक लाल मिरची ठेवायची. मिरची दिसली की मिठाला हात लावायचा नाही. आनंदाबाईंच्या सासूने हा नियम केला होता आणि त्याआधी एका मंडईत काय झालं होतं, हे घरात कोणी पूर्ण सांगत नाही.

आनंदाबाईंनी वरणात मीठ टाकलं, झाकणावर मिरची ठेवली आणि पाहुण्यांना बसवायला गेल्या. अर्ध्या तासाने रत्नमाला चुलीपाशी आली. झाकणावर मिरची नव्हती. तिने मीठ टाकलं, मिरची ठेवली आणि समाधानाने वळली. पहिल्या पंगतीच्या आधी प्रतिक्षाने वरण वाटीत काढलं, जिभेला लावलं आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं वो?" रत्नमालाने विचारलं.

"ताई, तुमी चाखा."

रत्नमालाने चाखलं. समुद्र तिने एकदाच पाहिला होता, तो आठवला.

आनंदाबाई आल्या. त्यांनी चाखलं नाही. दोघींची तोंडं पाहून त्यांना कळलं.

"मिरची ठेवली होती मी."

"नव्हती आई. झाकण कोरं होतं."

"होती," प्रतिक्षा हळूच म्हणाली. "मी उचलली. मले वाटलं, टोपलीतून पडली असन. चांगली मिरची, अशीच झाकणावर. मी टोपलीत नेऊन ठेवली."

प्रतिक्षा या घरात येऊन सहा महिने झाले होते. मिरचीचा नियम तिला सांगायचा राहून गेला होता, कारण प्रत्येकीला वाटलं, की दुसरीने सांगितला असेल.

"आता तिच्यावर कायले चिडता," आनंदाबाई म्हणाल्या, खरंतर कोणीच चिडलं नव्हतं. "आन् तू वो मोठी, इंजिनेर. झाकणावरची मिरची काय पायतेस? वरण समोर आहे ना. चाखून पायलं असतं तर?"

रत्नमालाने तोंड उघडलं, ते उत्तर द्यायला. पण उत्तराऐवजी हसू आलं. आधी थोडं आलं, मग आवरेना. ती चुलीजवळच्या पाटावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"हिले धूर लागला का?" आनंदाबाईंनी विचारलं.

"डोमाजी," रत्नमाला म्हणाली. "आई, ही आपली डोमाजी आहे."

"डोमाजी कोण?" प्रतिक्षाने घाबरून विचारलं.

वरणाचं काय करायचं, हा प्रश्न आधी होता. आनंदाबाईंनी तीन शेर तूर शिजायला टाकली, बिनमिठाची, आणि गंज मोठ्यात मोठ्या गंजात रिकामा केला. वरण दुप्पट झालं आणि साठ पाहुण्यांऐवजी नव्वद जेवले, कारण मंडईत वरण उरलं तर कोणाला हाक मारायची याची अडचण पडत नाही. आंबागडची पाहुणी मंडळी अजून सांगतात, की यंदा गजभियांकडे वरण फार चांगलं होतं.

दुपारी सगळे मंडईत गेले. रत्नमाला ओसरीवर डबा उघडून बसली.

तिने खुणांचं ते फोल्डर आधी स्वतःच पुसून टाकलं. मग एकेक पायरी घेतली आणि तिची मांडणी उलटी केली. आधी तिने लिहिलं होतं, की अमुक कर, तमुक जोड, झाल्याची खूण ठेव. आता तिने फक्त शेवटी काय असायला हवं तेवढं लिहिलं. पावतीची ओळ एक असावी. जा, यादीत बघ. एक आहे? हात लावू नको. नाही? एक टाक. दोन आहेत? एक काढ. तारीख आधी, महिना नंतर. आहे तसं? पुढे चल. खूण नाही, वही नाही, कोणाचं ऐकायचं नाही. प्रत्येक वेळी गंजातच चमचा बुडवायचा. एकेचाळीस पायऱ्यांपैकी सात तर लागल्याच नाहीत. सूर्य गडाच्या डोंगरामागे जायच्या आत ती उठली, तोंड धुतलं, साडी बदलली आणि मंडईत जाऊन प्रतिक्षासाठी बांगड्या घेतल्या. स्वतःसाठी जिलेबी घेतली आणि ती कोणालाही दिली नाही.

सोमवारी सकाळी भूपेंद्रशेठच्या ऑफिसात संघाचे चार मालक, शेठ स्वतः आणि मोहाडीहून मुद्दाम बोलावलेले डोमाजी बसले होते. नागपूरवाले अकराला येणार होते. रत्नमालाने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नऊ मिलची नावं दाखवली आणि बटण दाबलं. नऊ नावांपुढे नऊ हिरव्या टिकल्या आल्या.

"झालं?" शेठने विचारलं.

"आता तुमी दाबा."

शेठने दाबलं. पुन्हा नऊ हिरव्या टिकल्या. बाजूच्या मालकाने दाबलं. मग त्याच्या बाजूच्याने. पाचव्यांदा दाबल्यावरही टिकल्या नऊ आणि हिरव्याच.

"मॅडम," शेठ म्हणाले, "पाच वेळा चालवलं आन् काहीच नाई झालं. यात खुशी कशी मानायची, ते तरी सांगा."

"हेच तर पायजे होतं भाऊ. शुक्रवारी मोहाडीत दुसऱ्यांदा चाललं, तर माल दुप्पट झाला."

माल दुप्पट झाल्याचं शेठना आता पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी डोमाजींकडे पाहिलं. डोमाजींनी छताकडे पाहिलं.

"चूक माझी होती, त्याइची नाई," रत्नमाला म्हणाली. "आता उलटं करून पाहू. डोमाजी, तुमच्या सर्वरवरचं तुमाले जे नको वाटते, ते पुसा."

"कायबी?"

"कायबी."

रत्नमालाने तिथूनच मोहाडीचा सर्वर उघडून दिला आणि डोमाजींनी खुर्ची पुढे घेतली. रुमालाने आधी कीबोर्ड पुसला. मग पावतीची ती ओळ पुसली. तारखेची मांडणी पुसली. थोडं थांबून, परवानगीसाठी रत्नमालाकडे पाहून, कोंढाही पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर उपास सोडतानाचं तेज होतं.

रत्नमालाने बटण दाबलं. आठ टिकल्या हिरव्या राहिल्या. मोहाडीची पिवळी झाली, तिच्यापुढे तीन ओळी आल्या: पावती जोडली, तारीख सुधारली, कोंढा टाकला. शेठने फोन लावून मोहाडीच्या काट्यावर उभी असलेली गाडी तोलायला सांगितली.

"किती पावत्या निघाल्या?" त्यांनी फोनवर विचारलं. मग फोन बाजूला धरून सगळ्यांना सांगितलं, "एक. तारीखबी आजचीच आहे."

"नागपूरवाल्याइचं काय करायचं?" एका मालकाने विचारलं.

"येऊन राहिले तर चहा पाजू," भूपेंद्रशेठ म्हणाले. "एवढ्या दुरून येतील, बिचारे. मॅडम, वर्षाचं काम तुमचं. पण मले एक शिकवा, कोणी हात लावला तर तुमच्याआधी मले कळलं पायजे."

"पिवळी टिकली दिसन."

"आन् मंडईचं वरण कसं होतं? आमच्या मिलचा एक माणूस जेवून आला, तारीफ करून राहिला."

"दोनदा मीठ टाकलं होतं," रत्नमाला म्हणाली. शेठना वाटलं, ती गंमत करते आहे.

संध्याकाळी सुगत ड्युटीवरून आला. ती ओट्याशी भाजी करत होती. त्याने तोंडाने विचारलं नाही. सोमवारपर्यंत बोलायचं नाही असं ठरलं होतं आणि सोमवार अजून संपला नव्हता. त्याने फक्त भुवया वर केल्या.

"राहिलो इथंच," ती म्हणाली.

सुगतने कंडक्टरची बॅग खुंटीला लावली, कढईजवळ आला, चमचा बुडवून भाजी चाखली आणि मिठाच्या डब्याकडे हात नेला.

"टाक," ती म्हणाली. "अजून टाकलं नाई मी."

डोमाजी आजही दर गुरुवारी साफसफाई करतात. शुक्रवारी सकाळी सातनंतर मोहाडीची टिकली कधी पिवळी असते, कधी हिरवी. पिवळी असली की शेठ रत्नमालाला फोन करतात आणि दोघं हसतात. मागच्या महिन्यात डोमाजींनी तिला बाजूला घेऊन, जरा संकोचत विचारलं,

"मॅडम, मी कितीबी पुसलं, तरी वापस येते ना?"

"येते."

"मंग पुसत राहू?"

"पुसा," रत्नमाला म्हणाली.